रोज, कधी कधी, कधीच नाही

जुळे सोलापूर,
गुरुवार

प्रिय झीनत,

बारा दिवसांत सतरा वेळा फोन केला तुला. शेवटी काल तुझ्या भावानं, अझरुद्दीननं उचलला आणि म्हणाला, "आपा झोपल्यात." सकाळी अकरा वाजता! सव्वीस वर्षांत जिला मी खुर्चीला पाठ टेकवताना पाहिलं नाही, ती बाई दुधनीला माहेरी जाऊन दिवसाढवळ्या झोपते, हे मी खरं मानायचं? म्हणून हे पत्र. आमचे हे उद्या कामासाठी अक्कलकोटला निघालेत, तसेच पुढं दुधनीला येऊन तुझ्या हातात देतील. त्यांच्यासमोर तरी तुला झोपेचं सोंग घेता येणार नाही. तू मराठी शाळेत शिकलीस, माझं अक्षर तुला लागतं, तेव्हा वाचता आलं नाही ही सबबही चालायची नाही. अर्ध्यात फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग काय करायचं ते कर.

आधी मला माझा संताप काढू दे. त्या हॉटेलातल्या दोन दिवसांचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. 'नेतृत्व, संवाद व व्यवस्थापन कौशल्य कार्यशाळा'. बॅनरवर एवढं लांबलचक नाव की शेवटचा शब्द पडद्याच्या मागे गेला होता. कुणाला हवी होती ती? तुला? मला? आपण ज्यांना शाळेचे गणवेश शिवून देतो त्या गिऱ्हाईक कंपनीनं कागद मागितला, तुमच्या लोकांना प्रशिक्षण दिलंय का म्हणून. झालं, आपल्या मॅनेजर सोमशेखर साहेबांनी लगेच पुण्याहून माणूस बोलावला. शिलाईच्या हॉलमधले चार पंखे वर्षभर बंद आहेत, त्यांना माणूस मिळत नाही. पण आपल्या लाइनीतल्या चौतीस बायकांना फुगे फुगवायला एसी हॉल मिळाला. मी एक्कावन्न वर्षांची बाई, गुडघे धरलेत माझे, आणि मला सांगतात, काकू, फुगा खाली पडू द्यायचा नाही, याला टीमवर्क म्हणायचं. कापडाच्या तुकड्यापासून घडी घातलेल्या शर्टापर्यंत चौतीस हातांतून माल जातो आपला, रोज. ते काय होतं मग?

पुण्याहून आलेल्या त्या अद्वैत सरांना मी फार दोष देत नाही. पोरगा सज्जन होता, सगळ्यांना नावानं हाक मारायचा. पण मशीन सुरू असताना तो हॉलमध्ये पाच मिनिटं तरी येऊन उभा राहिला होता का? एसीत उभं राहून सांगत होता की समोरच्याला 'तू चुकलीस' म्हणायचं नाही, 'मला असं वाटतं' अशी सुरुवात करायची, आवाज खालच्या पट्टीत ठेवायचा. तेव्हा तू उठलीस आणि म्हणालीस, "सर, तुमचं 'मला असं वाटतं' हुईपर्यंत तिच्या बोटातनं सुई आरपार जाती की!" अख्खा हॉल हसला. तो सुद्धा हसला. हसला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. हसून लिहून घेणाऱ्या माणसाची मला आता धास्तीच बसली आहे.

तू लाइनीची सुपरवायझर, तू ओरडतेस. हो, ओरडतेस. तुझा आवाज गेटवरच्या ईश्वरप्पाला ऐकू जातो. पण कुणावर ओरडतेस हे त्या शहाण्यांनी विचारलं का? अकरा वर्षांपूर्वी एका महिन्यात तीन नव्या बायका रडत काम सोडून गेल्या होत्या, आठवतं? नवी बाई, नवखा हात, त्यात सगळ्यांदेखत तुझी बोलणी. चौथी जायच्या बेतात होती, तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी मी तुला म्हटलं होतं, "तू मला ओरडत जा. मी जुनी, मी काही पळून जाणार नाही. जिचं चुकलंय तिला आपोआप कळेल." मीच म्हटलं होतं, हे विसरलेली नाही मी. दुसऱ्याच दिवशी माझ्या तपासणीच्या टेबलाशी येऊन तू गरजलीस, "पद्मा, डोळे काय घरी ठिवून आलीस? पट्टी वाकडी चाललीया, दिसत न्हाय?" आणि तिसऱ्या मशीनवरच्या बाईनं मुकाट्यानं टाके उसवायला घेतले. ती टिकली. नंतर तूच तिच्याजवळ स्टूल ओढून बसलीस आणि अर्धा तास तिचा हात धरून शिलाई सरळ करून घेतलीस. अकरा वर्षं आपण असंच चालवलं. नवी बाई महिन्याभरात ओळखायची, मग तीही गालात हसायची. आपल्या लाइनीतून बाई सोडून जात नाही, एवढं तर सोमशेखर साहेबांच्या कागदांतही असेल.

आणि मग दुसऱ्या दिवशी चहानंतर तो फॉर्म आला. नाव लिहायचं नाही, मोकळेपणानं लिहा, अभिप्राय म्हणजे भेट असते म्हणे. प्रश्न तिसरा. तुमचे वरिष्ठ इतरांसमोर तुमच्यावर आवाज चढवतात का? रोज, कधी कधी, कधीच नाही. एकावर खूण करा. खाली दोन ओळी, तेव्हा तुम्हाला काय वाटतं? आपली पद्धत समजावून सांगायला त्यात जागा कुठं होती? तीन चौकटींत अकरा वर्षं कशी बसवायची? पण त्या कागदावर तुझा निकाल लागला. 'संवादकौशल्याचा अभाव' असं लाल अक्षरात आलं आणि तुला सुपरवायझरच्या जागेवरून काढून तीन महिने घडी घालायला पाठवायचं ठरलं. त्याहून मला जाळतं ते हे, की सोमशेखर साहेबांनी केबिनमध्ये त्यातला एक फॉर्म तुला मोठ्यानं वाचून दाखवला. 'सगळ्यांसमोर माझा अपमान होतो. आता घरच्यांनीही पाहिलंय. सांगायचं कुणाला?' नाव नसलं म्हणून काय झालं, दुसऱ्याच्या मनातलं असं केबिनमध्ये वाचून दाखवायचं असतं? हेच का ते संवादकौशल्य? तू बाहेर आलीस, सरळ इंद्रायणीच्या मशीनपाशी गेलीस आणि एवढंच म्हणालीस, "टाका धरायला मी शिकवलं की गं तुला." मग पिशवी उचललीस. राजीनामा एका ओळीचा. 'मला बोलता येत नाही असं कंपनीचं म्हणणं आहे, म्हणून काम सोडते.' मी वाचला तो. वाचून हसू आलं आणि मग रडू.

इंद्रायणीवरच सगळ्यांचा वहीम गेला, कारण त्याच आठवड्यात मोडनिंबहून तिचा भाऊ आला होता आणि हॉलच्या दारात उभा राहून त्यानं तुझा आवाज ऐकला होता. तू गेल्यापासून तिच्याशी कुणी बोलत नाही. पस्तिशीची बाई, दोन लेकरांची आई, एकटी कोपऱ्यात डबा खाते. परवा मला म्हणाली, "काकू, आईच्यान मी न्हाई लिवलं. मला तर त्या कधी बोलल्याच न्हाईत, तुमालाच बोलायच्या." मी तिच्याकडे बघू शकले नाही. एवढं झाल्यावर कंपनीनं तुझ्या जागी कुणाला बसवलं माहीत आहे? मला. आवाज मवाळ, स्वभाव शांत, सर्वांत जुन्या, असे तीन गुण काढून मला सुपरवायझर केलं. आणि मी ते घेतलं, झीनत. बारा दिवस घेतलं. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही माझं. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे खालच्या पट्टीत 'मला असं वाटतं' म्हणत मशिनांमधून फिरले, कुणाला एक अक्षर ऐकू गेलं नाही, आणि दोनशे शर्टांचे खिसे उजव्या बाजूला लागून गेले. तो सगळा माल परत आलाय.

आता तुझ्या लक्षात आलं असेल, किंवा अजूनही आलं नसेल. तुझ्या मनात माझं नाव येणारच नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्याचाच मला जास्त राग येतो. ते वाक्य माझं आहे. 'रोज'वर खूण मी केली. गेल्या श्रावणात आमच्या विहीणबाई त्यांच्या शाळेच्या गणवेशाची चौकशी करायला आपल्याकडे आल्या होत्या. तू नेहमीप्रमाणे माझ्या टेबलाशी येऊन म्हणालीस, "वय झालं तुजं, आता घरी बस की!" कुणाचा तरी काजबटणाचा घोळ होता, माझा नव्हता. लाइन गालात हसत होती. विहीणबाई नव्हत्या हसत. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी ह्यांना विचारलं, की या वयात पद्मजाताईंना असं ऐकून घ्यायची काय वेळ आली आहे? सून समोर उभी होती. मी त्यांना आपली पद्धत समजावली, त्यांनी मान हलवली, पण त्यांना ती पटली नाही आणि सांगता सांगता मला स्वतःलाही पटेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "काल झ्याक पार्ट केलास!" मी हसले. तेव्हापासून प्रत्येक वेळी तू माझ्या टेबलाशी आलीस की मी आधी दाराकडे बघायचे, कुणी परकं उभं नाही ना. पद्धत मीच काढली होती, मग कुठल्या तोंडानं सांगायचं? पण अकरा वर्षांत तू तरी कधी विचारलंस का गं? एकदा तरी, पद्मा, तुला काही वाटत तर नाही ना? त्या परक्या पोरानं दोन ओळींची जागा ठेवून विचारलं आणि मी वेड्यासारखी भडाभडा लिहून गेले. लिहिताना तुझी जागा जाईल असं स्वप्नातही नव्हतं. पण लिहिताना बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्या लाइनसमोर उभी राहून सांगितलं की ते मी लिहिलं. इंद्रायणी डबा उचलून माझ्यापासून लांब जाऊन बसली, आणि बाकीच्या तिच्यापाशी गेल्या. बरंच झालं. मग सोमशेखर साहेबांकडे जाऊन सुपरवायझरची जागा नको असं लिहून दिलं आणि माझा फॉर्म परत मागितला. म्हणतात, "पद्मजाबाई, निनावी फॉर्म मागे घेता येत नाही." अहो, मी समोर उभी राहून सांगतेय की माझा आहे, तर निनावी कसला? भांडले मी. तुला आश्चर्य वाटेल, बाहेर ईश्वरप्पाला ऐकू गेलं म्हणे. शेवटी एवढं कबूल केलं त्यांनी, की तीस तारखेला, मंगळवारी, अद्वैत सर पुन्हा येणार आहेत, तेव्हा आपण दोघींनी समोरासमोर बसायचं. आपलं ऐकून घेतील आणि मगच ठरवतील. तोवर तुझा राजीनामा मंजूर करणार नाहीत. त्या दिवशी तू आली नाहीस तर तो आपोआप मंजूर. हे पत्र त्यासाठीच. पण आधीच सांगून ठेवते. तिथं बसून 'साहेब, चुकून खूण केली, मला काहीसुद्धा वाटत नव्हतं' असं मी म्हणणार नाही. पद्धत मी सुचवली होती, तिच्यामुळे बायका टिकल्या आणि तुझ्या तोडीची सुपरवायझर त्यांना सगळ्या सोलापुरात मिळायची नाही, हे तर ठणकावून सांगेन. आणि मला वाईट वाटत होतं, तेही सांगेन, तुझ्यादेखत, कारण ते खरं आहे आणि कंपनीच्या कागदाच्या आधी ते मी तुला सांगायला हवं होतं. माझ्या शेजारी बसून एवढं ऐकून घ्यायची तुझी तयारी असेल तर मंगळवारी दहा वाजता ये. नसेल तर मी एकटी बसेन आणि हेच सगळं सांगेन.

तुझीच,
पद्मा