काळ्या खिडकीतली ओळ

२ जानेवारी
नवं गाव, नवी खोली, नवी नोकरी! रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात मला उजेडाची जागा मिळाली. काम मजेशीर आहे. संगणकावर जुना प्रोग्रॅम, काळी खिडकी, पांढरी अक्षरं. इंग्रजीखेरीज काही दाखवता येत नाही. मराठी लिहिलं की नुसती प्रश्नचिन्हं. रोमनमध्ये लिहावं तर काळे आणि काले एकच. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, एवढं मराठी दिसायला लाव बाई, जन्मभर चहा पाजीन.

माझी चिमुरडी लेक, ठकी, गेली, हे इथे कुणाला ठाऊक नाही. मान तिरकी करून ‘सावरलीस ना?’ कुणी विचारत नाही.

५ जानेवारी
युनिकोडची सेटिंग बदलली. प्रश्नचिन्हांचे चौकोन झाले. म्हणजे मजकूर शाबूत आहे, फॉन्टच नाही. शेऱ्याच्या रकान्यात रोज एक जास्तीची ओळ येते, कुठल्याच रुग्णाची नसलेली. सिस्टर म्हणाल्या, जुनं यंत्र आहे, लक्ष देऊ नकोस.

८ जानेवारी
फॉन्ट बसवला. अक्षरं उमटली! ती ओळसुद्धा.

‘आऊ, दार उघड’

मला आऊ म्हणणारी जगात एकच होती. बाथरूममध्ये तोंडात ओढणी कोंबून रडले.

९ जानेवारी
संध्याकाळी दार वाजलं. अगदी खालच्या बाजूला, तिच्या उंचीवर. मी उघडलं.

ठकीच. निळा फ्रॉक. काही न विचारता उचलून घेतलं. गार पडली होती. असेल, बाहेर थंडी होती.

११ जानेवारी
जेवत नाही. पापणी मिटत नाही. मला ‘आई’ म्हणते, अगदी स्पष्ट. शेजारीण विचारत होती, तुम्ही कामावर गेलात की भिंत कोण खरवडतं?

१२ जानेवारी
सिस्टर वैतागल्या. शेरे अर्धवट दिसतात, इंजेक्शन द्यायचं की द्यायचं नाही, कळेना. प्रोग्रॅम काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजतो, त्यामुळे रकाना आधीच भरतो आणि पुढचं कापलं जातं. मोजणी सुधारली. जुने शेरे पुन्हा उघडले.

‘आऊ, दार उघडू नकोस. ती मी नाही.’

१३ जानेवारी
आज नवी ओळ. ‘आऊ, पळ ना गं.’

स्टेशनपर्यंत गेले. परत आले. ती दारातच उभी—

चेहरा तिचाच. ओठाखालचा तीळसुद्धा. एकदा सोडलंय मी या चेहऱ्याला, जळताना पाहिलंय. पुन्हा कसं—

मांडीवर चढलीय. फार जड. हात गळ्याभोवती—

ठकी, बाळा, रागावू नकोस, तुझ्या आऊला पळव