ट्रॉलीला कसला ब्रेक!

३ डिसेंबर

झालं उभं! जीपमागे ओढायचं घर – पलंग, गॅस, पाण्याची टाकी सगळं आत! मेहरूणच्या किरण सरांनी करायला सांगितलं आणि आमच्या सावद्याच्या वर्कशॉपात मी बनवलं.

सासऱ्यांनी, आबांनी, एक चक्कर मारली. "दिसाले बेस हाये." मग मी ब्रेकचं काढलं. हसले. "ट्रॉलीले कुठी ब्रेक रायते का, पुनम?"

जन्मभर केळीच्या ट्रॉल्या केल्या त्यांनी. ब्रेक ट्रॅक्टरला, ट्रॉलीच्या चाकाखाली दगड – झालं! पण उतारावर हे एवढं धूड जीपला मागून ढकलणार नाही का? जीपमध्ये सर आणि त्यांची बायको असणार. मी म्हटलं, ब्रेकशिवाय देणार नाही. आबाही हट्टी. "पालच्या घाटात थांबवून दाखव. नाही त मंग ट्रॉल्याच करू."

म्हणजे ही घरं बंद. वर्कशॉप त्यांचं, शब्द त्यांचा.

५ डिसेंबर

सुचलं! ढकलतंय ना? मग त्या ढकलण्यालाच कामाला लावायचं! हूक सरकत्या दांड्यावर बसवला. जीप हळू झाली की घर पुढे रेटतं, दांडा आत जातो, सिलेंडर दाबतो, तेल चाकांकडे धावतं, ब्रेकचे लायनर चाकांना आवळतात. रेटा जास्त तर ब्रेक जास्त. जीपच्या ब्रेकला काही जोडायची गरजच नाही!

स्वतःवरच खूश. शेवभाजीवर आडवा हात मारला.

८ डिसेंबर

फजिती!! रिव्हर्स घेताना घर जागचं हलेना. अर्थातच – जीप मागे रेटते, दांडा आत जातो, ब्रेक लागतो. आबांना हसून हसून ठसका. "मांगे जाईना, अन् म्हने पुढे थांबीन!"

रिव्हर्सपुरती दांडा अडवणारी पिन केली. पुढे निघताना ती काढायचीच, नाहीतर ब्रेक नाही. लाल फीत बांधली तिला.

९ डिसेंबर

पिन. पिन. पिन. झोपेतही पिन.

१२ डिसेंबर

पालचा घाट! वर पोहोचलो, वळवताना रिव्हर्स घेतला. सर जीपमध्ये बसून राहिले. निघण्याआधी मी मागे जाऊन पाहिलं. आबांनी पिन काढलेली होती. पण मी लावलेली सुटकेची तार! हूक निसटलाच तर ती ताणली जाऊन घराचा ब्रेक आवळते – म्हणून तिचं टोक जीपला हवं. आबांनी छान गुंडाळून घराच्याच हुकाला बांधलेलं! ट्रॉलीवाल्यांची सवय: काही लोंबकळू द्यायचं नाही.

ओरडले. सासऱ्यांवर, लग्नानंतर पहिल्यांदाच! "आबा, जीपला बांधा ती!" सोडून जीपला बांधली त्यांनी.

मग उतार. तीव्र वळणाआधी सरांनी ब्रेक दाबला. जीप थांबली आणि घरही थांबलं! धक्का नाही, काही नाही!

आबा सवयीने उतरले, रस्त्याकडेचा दगड उचलून चाकापाशी गेले. चाक गच्च. दगड हातात घेऊन तसेच उभे राहिले. मी भर घाटात नाचले. लाज कसली!

१५ डिसेंबर

गावातले जीवरामनाना केळीची ट्रॉली करायला सांगायला आले. आबा म्हणाले, "बिगर ब्रेकाची पाहिजे असीन त दुसरीकडे जा." नाना चाटच. "ब्रेकाची केवढ्याले पडीन?"

"मले काय इचारता? मालकीनले इचारा."

आणि बोट माझ्याकडे!