बारा नंबरचं बीळ

१० नोव्हेंबर
पोचले एकदाची. वडखळच्या नाक्यावर एसटीतून उतरले तेव्हा दोन्ही हातांत पेट्या, पाठीवर लॅपटॉप आणि तोंडात वडा होता. खाडीकाठच्या या गावात सीताबाईंनी खोली दिली आहे, ती मला जाम आवडली. खिडकीतून त्यांचं पिकलेलं भात दिसतं, त्यामागे मातीचा बांध आणि बांधापलीकडे धरमतरची खाडी. सीताकाकींना माझं काम सांगितलं: खेकडा चालताना आणि चढताना एकेका पायाने किती जोर लावतो ते मोजायचं. ह्यासाठी एवढं शिकायला लागतं व्हय, असं त्यांनी विचारलं. आमचं जमणार.

पेटीत जोर मोजायच्या दोन पट्ट्या आहेत. छोटी पोस्टकार्डाएवढी, मुंगीचं पाऊलही टिपते. मोठी माणसाचं वजन पेलणारी. ती गाइड सरांनी उगाच माझ्या गळ्यात मारली. पायाने ढकललं तर आकडा अधिक येतो, धरून ओढलं तर उणे. चढणारा प्राणी वरच्या पायांनी भिंत धरतो, म्हणून उणे आकडे म्हणजे चढण्याची खूण. मला ते फार आवडतात.

१२ नोव्हेंबर
ओहोटीला काकींचा पुतण्या हरेश सोबत आला. बांधातून बारा खेकडे काढले. प्रत्येक बिळापाशी नंबरची झेंडी रोवली, म्हणजे काम झालं की ज्याला त्याला आपापल्या घरी सोडता येईल. हरेश मात्र खेकडा निघाला की लगेच भोकात चिखलाचा गोळा कोंबायला लागला. मी त्याचा हात धरला. तेवढ्यात काकी शेतातून ओरडत आल्या.

“बीळ उघडं ठेवू नको गो पोरी. रिकामं दिसलं की दुसरं कायतरी येऊन ऱ्हातंय.”

इथली रीतच आहे ती. खेकडा काढला की भोक तिथल्या तिथे बुजवायचं, नाहीतर उधाणाला तिथूनच बांध फुटतो आणि शेतात खारं पाणी शिरतं. बांध फुटण्याचं पटलं, ते ‘दुसरं कायतरी’ पटलं नाही. उधाणाला अजून आठवडा आहे, म्हटलं, दोन दिवसांनी काय बिघडतंय? माझंच खरं केलं.

१४ नोव्हेंबर
आलेख इतके देखणे आलेत की सरांना फोन करून ऐकवले. अकरा खेकडे घरी सोडले. बारावा बादलीतच मेला. वाईट वाटलं, जेवण गेलं नाही. त्याचं बीळ उघडंच ठेवलंय. नवा भाडेकरू येईल, निसर्गात असंच चालतं, असं मी काकींना शिकवलं. 

१७ नोव्हेंबर
सोडलेले अकराही खेकडे बिळांत नाहीत. काकींच्या ओटीवर, भिंतीवर, माझ्या दाराच्या चौकटीवर चढून बसलेत. खाली उतरवले की पुन्हा चढतात.

बाराव्या बिळासमोर छोटी पट्टी मांडली. साडेनऊला भरती आली आणि लॅपटॉपवर आठ पावलं उमटली. जोर खेकड्याच्या चाळीसपट. लख्ख ऊन होतं, मी हातभर अंतरावर बसले होते. पट्टीवर काहीही नव्हतं.

पट्टी बिघडली असणार. तीनदा तपासली. बिघडलेली नाही.

१८ नोव्हेंबर
सगळी बिळं बुजवली. अकरा बुजली. बाराव्यात सात घमेली चिखल गेला, आणि भरतीला तो सगळा बाहेर आला. आतून ढकललेला. भोक आता घागरीच्या तोंडाएवढं झालंय.

भीती वाटली, लिहायला लाज कसली? पण राग जास्त आला.

१९ नोव्हेंबर
गावकी बसली. ठरलं की तेवढा बांध सोडून द्यायचा आणि मागे नवा घालायचा. म्हणजे काकींचं शेत, उभ्या भातासकट, खाडीला. काकींनी मला दोष दिला नाही. उलट खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण वाढलं आणि म्हणाल्या, तू जा गो तुज्या घरी. चूक माझी आणि शेत त्यांचं का जावं? मी जात नाही. शेतही जाऊ देत नाही.

हरेश सांगतो, पूर्वी अशा भोकावर माणूस पाय देऊन उभा राहायचा, पाणी उतरेपर्यंत. आता कोणी राहत नाही. 

२० नोव्हेंबर
मोठी पट्टी बिळावर पालथी, मोजणारी बाजू आत करून टाकली, चार खुंट्या ठोकल्या आणि वर उभी राहिले. भरती पावणेबाराला. आतून बावीस किलोचा जोर आला. पाणी उतरलं तसा गेला. जिंकले! उद्याचं मोठं उधाण निभावलं की हरेश दगड आणून भोक कायमचं बुजवणार आहे.

२१ नोव्हेंबर, बांधावर
११.४० — उभी आहे. गमबूट घातलेत. आकडे फोनवर दिसतात, हेही त्यावरच लिहितेय.

११.५५ — अधिक अठरा.

१२.०५ — एकतीस. एक खुंटी उपटली. माझं वजन चौपन्न.

काकी आल्या. पदर खोचलेला. मला सरक म्हणाल्या आणि पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. जा म्हटलं, ऐकतात थोड्याच.

१२.१५ — अठ्ठ्याऐंशी. पट्टी उचलतेय. पण दोघी आहोत. ढकल म्हणावं किती ढकलायचं ते!

१२.२० — सत्तर. चाळीस. नऊ. पाणी थांबलं.

१२.२२ — शून्य. काकी रडल्या, हसल्या. हरेशला दगड आणायला सांगायला त्यांना पाठवलं. भात वाचलं.

१२.२६ — आकडा हलला. उणे चार.

उणे तीस —

ढकलत नाहीये आता. धरलंय. वरच्या पायांनी. चढतंय —

घोट्याला काहीतरी. ऊन लख्ख आहे, दिसत काहीच —

पाय काढला तर भोक उघडं. काढणार नाही. काकी, परत आलात की माझ्याकडे बघू नका, आधी दगड टाका, मी अजून —

उणे ऐंशी. धर. धर किती धरतोस. मी पण सोडणार ना