तेरावी फाइल

सेटल, यॉर्कशर
६ मार्च १९९५

चि. क्लेम यास,
अ. उ. आ.

पार्सल जपून फोड. बिस्किटांच्या डब्यात, लोकरीत गुंडाळून आर्नल्डची तीन इंची डिस्क ठेवली आहे. त्याचं ते हिरव्या अक्षरांचं यंत्र गेलं. चालू केलं की नुसतं घरघरतं. आतला रबरी पट्टा गळून गेलाय, आणि असली यंत्रं आता कोणी हातात धरत नाही, असं दुकानदार म्हणाला. तुझ्याकडे तसलंच एक आहे आणि वायरीने दुसऱ्याला जोडून छापता येतं, अशा बढाया नाताळात मारत होतास ना, मग आता दाखव करून!

डिस्कवर कबुतर क्लबाच्या बारा वर्षांच्या शर्यतींची टिपणं आहेत. क्लबाला ती हवीत. मला मेल्या कबुतरांचं नावसुद्धा नको. मला हवंय ते वेगळंच.

काल शेजारची आयव्ही चहाला आली आणि बोलता बोलता बोलून गेली. नोव्हेंबरात मी 'कबुतरं तरी ठेव, नाहीतर मला' असं म्हणून तुझ्याकडे निघून आले होते ना, तेव्हा आर्नल्ड अंगणाच्या भिंतीवरून तिला म्हणाला होता, हेस्टरला पत्र लिहिलं आणि पुसून टाकलं, बाईसाहेब यायच्या तेव्हा येतील. त्यानंतर चार दिवसांनी तो गेला आणि मी इथे नव्हते. त्याच्या मनात राग होता की नव्हता, एवढंच मला कळू दे रे. पुसलेलंही कधीकधी परत मिळतं, असं तूच म्हणाला होतास.

सापडलं तर वाचू मात्र नकोस. नवराबायकोतलं आहे ते. छापून, पाकीट डकवून पाठव. गुडघा शेकत जा.

ताईवर लोभ आहे तो राहू दे.
हेस्टर

---

हल
११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आहे, ताई, आहे! हे यंत्र भलतं कंजूस. पुसलेली फाइल लगेच फेकत नाही, अधांतरी ठेवतं. नेहमीच्या यादीत ती दिसत नाही, वेगळी हुडकावी लागते. हुडकली. बारा फाइली कबुतरांच्या आणि तेरावी अधांतरी, जेमतेम पानभर. उघडली नाही हो, शपथ! तिचं नावही तुला सांगत नाही, तुझं तूच बघ.

आता थोडी कळ काढ. माझ्या हिरव्या यंत्राला छपाईचं यंत्र नाही, आणि ज्याला आहे त्याच्यात ही डिस्क शिरत नाही. दोघांची भाषाही वेगळी. म्हणून एकेका फाइलीची आधी साधी, बिननखऱ्याची प्रत करायची, मग ती वायरीतून पलीकडे सोडायची. पहिली सोडली तर अख्खी शर्यत एकाच ओळीत घुसली, कुठलं कबूतर कधी पोचलं काही पत्ता नाही. आर्नल्डने मला घराबाहेर काढलं असतं. आधी बारा उरकतो, मग तुझी एक, निवांत.

धाकट्यावर माया असू द्यावी.
क्लेम

---

सेटल
१४ मार्च

चि. क्लेम यास आशीर्वाद.

पोस्टमन दोनदा विचारून गेला, कोणाची वाट बघताय म्हणून. पत्र रागाचं असलं तरी पाठव. मला ऐकायची तयारी आहे. त्याची खुर्ची अजून खिडकीशीच आहे, हलवायला हात होत नाही.

आठव्या दिवशी मी बॅग भरली होती, आणि तू म्हणालास, राहा अजून दोन दिवस, जिरू दे जरा त्याची. त्याचा दोष मी तुला देत नाही. पण त्या दोन दिवसांतच तो गेला, हे रोज सकाळी उठल्यावर आठवतं, काय करू?

लवकर पाठव, बाबा.
हेस्टर

---

हल
१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. ताई, तुझं पत्र गेलं. माझ्या हातून गेलं.

त्या साध्या प्रती मी आर्नल्डच्याच डिस्कवर करत बसलो. डिस्क भरत आली. जागा कमी पडली की यंत्र अधांतरी ठेवलेलं कायमचं टाकून देतं, न विचारता. हे मला ठाऊक होतं गं! आधी अख्ख्या डिस्कची दुसरी डिस्क करून ठेवायची, एवढं नवशिक्यालाही कळतं. घाईत विसरलो. अकरावी फाइल संपवून बघतो तर तेरावीची जागा रिकामी. तू वाचू नकोस म्हणालीस म्हणून शेवटी ठेवली होती. पहिल्याच दिवशी उघडून हाताने उतरवून घेतली असती, तर आज तुझ्या हातात असती.

एक गोष्ट मात्र उरली. सुरू करण्याआधी मी सगळी नावं एका पाकिटाच्या मागे लिहून ठेवली होती. नाव आर्नल्डनेच दिलेलं, छोटंसंच बसतं. तेराव्या फाइलीचं नाव होतं 'घरी ये', दोन शब्द चिकटवून. ते पाकीट सोबत पाठवतो आहे. रागावलेला माणूस असं नाव देत नाही, ताई.

मला माफ करता आलं तर कर.
क्लेम

---

सेटल
२३ मार्च

चि. क्लेम यास,
अ. उ. आ.

पाकीट मिळालं. सबंध दिवस रडले, आज जरा बरी आहे. क्लबाची टिपणंही पोचली, ती मंडळी खूश आहेत.

पाकिटावर बारा नावं पेन्सिलीने लिहिलेली आहेत. तेरावं निळ्या शाईने. माझे डोळे अजून शाबूत आहेत, क्लेम. पेन्सिल मधेच मोडली असेल, नाहीतर दुसरं काही असेल. मी विचारणार नाही, आणि तूही सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे.

काल आयव्हीला सांगितलं, आर्नल्डने मला घरी बोलावलं होतं, मलाच उशीर झाला. बोलताना जीभ अडखळली नाही. पाकीट त्याच्या कोटाच्या खिशात ठेवलंय. आणि त्या दोन दिवसांचा दोष मी तुला देत नाही असं मागे लिहिलं होतं ना, ते खोटं होतं. देत होते. आता नाही देत.

ईस्टरला ये. खिडकीजवळच्या खुर्चीत बस.

तुझीच,
ताई