भिंतीवरची टू-टीची ओळ

मिस्त्री, तुमची भिंतीवरची ओळ मी आज पुसली. पुसली म्हणजे आधी रॉकेल लावून घासली, पण तुमचा लाल ऑइलपेंट तुमच्यासारखाच, जाता जाईना. शेवटी वरून पांढऱ्याचे दोन हात मारले. ‘शंभर लिटर डिझेलला अर्धा लिटर टू-टी. पंप वाचवा.’ साकीनाक्याच्या या डिझेल-पंप दुरुस्तीच्या गाळ्यात आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरने वाचलेली ओळ. काही जण तर नुसती ती वाचायला यायचे आणि स्कूटरवाल्यांच्या दुकानातून पेट्रोलमध्ये घालायच्या टू-टी तेलाचे डबे उचलून जायचे. आता तिथे काही नाही. रागवायचं तर रागवा. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, तेव्हापासून गाळा मी चालवतेय, तुमच्या रागाला मी आता काय घाबरायची?

लिहायची मला सवय नाही, चौथीत शाळा सुटली हे तुम्हाला ठाऊक आहे. जॉबकार्डांच्या पाठीवर लिहितेय. रविवार आहे, शटर अर्धं खाली, रंगाचा वास डोक्यात चढतोय. पण सांगायचं ते आजच सांगायला हवं, कारण उद्या तुमचा मुलगा येणार आहे.

गुरुवारीही आला होता. नवा ट्रक घेतलाय त्याने, सहा महिने झाले. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी चाळीसच्या वर जाईना. कंपनीच्या वर्कशॉपवाल्यांनी डिझेल तपासलं आणि म्हणाले, यात भलतंच तेल आहे, आमची वॉरंटी संपली. मी विचारलं, “काय घातलंस?” तर छाती काढून म्हणतो, “टू-टी. पहिल्या टाकीपासून घालतोय, एकदा चुकलो नाही.” माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “अरे, आताचं डिझेल वंगण घालूनच पेट्रोलपंपावर येतं. वर तू टू-टी ओततोस, ते जळतं, त्याची राख सायलेन्सरच्या जाळीत बसते. इंजिनात डिझेल फवारतं त्या नोझलची भोकं बघितलीस? केस जाणार नाही त्यातून. कुठल्या शहाण्याने सांगितलं तुला?” त्याने भिंतीकडे बोट केलं.

मी तिथल्या तिथे सांगितलं, ही ओळ मी पुसणार. तसा तो उठलाच. “ताई, ज्या माणसाने तुला झाडूवरून उचलून बेंचवर बसवलं, त्याचं अक्षर पुसणार तू? पुसून बघ. मग गाळ्याची चावी दे. गाळा माझ्या नावावर आहे, विसरू नको.” सोमवारी येतो म्हणाला.

उचलून बसवलं म्हणे! मिस्त्री, तुम्ही तरी खोटं बोलू नका, मला कुणी उचललं नाही. मी चढले. तुम्ही मला ठेवली होती ती दिवसातून तीनदा लादी पुसायला, कारण पंपाच्या खोलीत धूळ चालत नाही. नंतर पार्ट धुवायला बसवलंत. स्वच्छ डिझेलच्या ट्रेमध्ये हात बुडवून मी दिवसभर बसायची, घरी जेवताना घासाला डिझेलचा वास. तुम्ही शिकवलं काहीच नाही. पाठ करून बसायचात, मुद्दाम. पण कान तर झाकता येत नव्हते ना माझे? नोझल तपासायच्या बेंचवर लावलं की बरोबर असलं तर चिर्र करून बारीक धुकं सोडतं, बिघडलेलं असलं तर पिचकारी मारतं. मी ट्रेपाशी बसून आवाजावरून ओळखायची. एकदा तुम्ही नोझल पास केलंत आणि मी मागून बोलले, “ते गळतंय.” तुम्ही वळून पाहिलंत. “काय गो, माका शिकवतंस?” आणि परत लावलंत. गळत होतं. तुम्ही “बरा” म्हणालात आणि दुसरं नोझल माझ्याकडे सरकवलंत. तेवढंच. कौतुक कसं करायचं ते तुमच्या बापजन्मात तुम्हाला कुणी दाखवलं नसेल.

ओरडायला मात्र तुम्ही एक नंबर. एक वायसर खाली पडला तरी माझ्या आईपर्यंत पोचायचात. आणि सगळ्यात जास्त ओरडायचात ते फडक्यावरून. “धुतलेल्या पार्टाक फडक्या लावशीत तर बघ. भिजलला तसाच बसव. ही घरातली भांडी न्हयत गो!” बरोबर होतं तुमचं. पण मला सासूने दहा वर्षं शिकवलेलं, ओलं भांडं फळीवर ठेवायचं नाही, पुसून ठेवायचं. हाताला ती खोड लागलेली. आणि हात डोक्याचं ऐकत नाहीत.

तो मुलुंडचा शेठ आठवतोय ना? छोटा ट्रक, गोल रोटरी पंप. त्याचे पार्ट मी धुतले. तुम्ही बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होता, घाई होती, आतला तो बोटाएवढा वाल्व हातात निथळत होता, मी पदराने टिपला आणि ट्रेमध्ये ठेवला. तुम्ही आलात, तो बसवलात, पंपाचं झाकण लावलंत. चार दिवसांनी ट्रक कसाऱ्याच्या घाटात बंद पडला, वर टोमॅटो भरलेले. शेठ पंप गोणीत घालून घेऊन आला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडत होता, “रस गळतोय रस्त्यावर माझ्या मालाचा! पंप केला की खेळणं केलंत?”

तुम्ही गोणी सोडलीत. पंप उघडलात. मी ट्रेपाशी उभी आहे, हात डिझेलमध्ये, बाहेर काढायचीही हिंमत नाही. तुम्ही चिमटा घेऊन वाल्वच्या खाचेतून काहीतरी ओढून काढता. जांभळा धागा. अर्ध्या बोटाएवढा. तुम्ही तो उजेडात धरता, मग माझ्या पदराकडे बघता. एकदाच. मग धागा शर्टाच्या खिशात टाकता आणि शेठला सांगता, “डिझेल सुकं येतंय हल्ली. आतलं वंगणच काढून टाकलंय तेल कंपन्यांनी. वाल्व अडकणारच. टाकीत थोडं टू-टी घालत जा.” डिझेल बदललंय हे तेव्हा सगळेच बोलत होते, त्यामुळे पटलं त्याला. दुसऱ्या दिवशी तुम्ही ब्रश घेऊन भिंतीवर ती ओळ लिहिलीत. मी खालून रंगाचा डबा धरला होता.

पुढे ड्रायव्हर येऊन सांगायला लागले, मिस्त्री, पंप गोड चालतोय. जुन्या गोल पंपाला ते मानवलंही असेल, मी नाही म्हणत नाही, तो बिचारा डिझेलवरच ओला राहतो, त्याला वेगळं ऑइल नसतं. पण तुमच्या स्वतःच्या टेम्पोत तुम्ही टू-टीचा एक थेंब कधी घातला नाहीत. मी बघत होते ना! तुमच्या मुलाने नाही बघितलं, मी बघितलं.

आता माझं ऐका. तुम्ही तेव्हा ओरडायला हवं होतं. वायसरसाठी ओरडणारा माणूस एवढ्या मोठ्या चुकीला गप्प बसतो म्हणजे काय? माझ्या जागी पुरुष असता तर शेठसमोर कानाखाली वाजवली असतीत, आणि तो दुसऱ्या दिवशी ताठ मानेने कामावर आला असता. हिशेब तिथेच फिटला असता. मला तुम्ही दया दाखवलीत. नवरा घरी बसलेला, पोटी दोन पोरं, बिचारीला कुठे हाकलू, असंच ना? मला नको होती तुमची दया. तिच्यापायी वीस वर्षांवर त्या भिंतीखाली बसून मी काम केलं. कुणी वाचायला लागलं की मी मान खाली घालून पाना शोधायची. आणि आता तीच ओळ तुमच्या पोराच्या गाडीला खाऊन बसली. दुसऱ्याची चूक झाकायची तर झाका, पण भिंतीवर लिहून ठेवू नका ना मिस्त्री. माणसं वाचतात.

उद्या तो आला की सगळं सांगणार आहे. धागा, चिमटा, खिसा, सगळं. चिडेल. म्हणेल, बाबा मेलेले, आता काहीही बोल. बोलू दे. म्हणणार आहे मी, तुझा बाप गाडीच्या बाबतीत चुकला नव्हता, तो माझ्यासाठी खोटं बोलला होता. त्याचं अक्षर पुसलं नाही मी, माझी चूक पुसली. तरी चावी मागितली तर देईन. रडणार नाही. कान माझे आहेत, ते काही त्याच्या नावावर नाहीत. पण आधी ट्रकची टाकी रिकामी करून घेईन, आणि सायलेन्सर कुठे न्यायचा ते सांगेन. तेवढं झाल्याशिवाय चावी मिळणार नाही.

हे तुम्हाला पाठवायचं कुठे? उद्या याच कार्डांवर पुढच्या बाजूला त्याच्या ट्रकचं काम लिहीन.

एक राहिलं. दुसऱ्या दिवशी, रंगाचा डबा धरला होता तेव्हा, मी दुसरी साडी नेसून आले होते. तुम्ही विचारलं नव्हतं, मीच बोलले, “ती जांभळी फाटली.” तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, “बरा.” मिस्त्री, ती फाटली नव्हती. पदराचा एक धागा निघाला होता, तेवढाच. घरी पुढे कितीतरी वर्षं मी ती नेसत होते.