सासूबाईंना कळलेलं नो वेव्ह

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठमोठ्या संग्राहकांनी नोंदी ठेवल्या नाहीत आणि जगाचं नुकसान झालं. माझ्या बाबतीत ते होऊ देणार नाही.
संकल्प: रोज एक जुनी पंक रेकॉर्ड. दोन्ही बाजू. मन लावून.
कॉलेजात मी पंक होतो, त्या बंडखोर संगीताचा भक्त. शर्टाला सेफ्टी पिन लावायचो. बटण तुटलं होतं हे खरं, पण ते शिवून न घेणं हीसुद्धा एक भूमिकाच होती. पुढे नोकरी, लग्न, घराचे हप्ते, आणि बंड राहून गेलं. आता छोट्या खोलीत प्लेअर मांडलाय. बायको त्या खोलीला अडगळ म्हणते.

३ फेब्रुवारी
रेकॉर्ड ऐकली नाही. शेल्फ पुसलं. शेल्फ पुसणं हे ऐकण्याइतकंच महत्त्वाचं.

४ फेब्रुवारी
शेल्फ.

६ फेब्रुवारी
रेकॉर्डच्या दुकानाचा मालक, मी त्याला दाढीवाला म्हणतो, त्याच्याकडून सुतळीने बांधलेला गठ्ठा आणला. बहुतेक ओळखीच्या निघाल्या. गिटारचे तीन कॉर्ड, दोन मिनिटं, एक शिवी, खेळ खलास. कॉलेजात ह्याच कॅसेटवर ऐकल्या होत्या. डोळे भरून आले.
तळाशी मात्र एक तबकडी कोऱ्या काळ्या पाकिटात. लेबल खरवडून काढलेलं. दाढीवाल्याला फोन केला. म्हणाला, गठ्ठ्यातून आली, गठ्ठ्यातून गेली, त्याला काही माहीत नाही. ज्या बँडने स्वतःचं नावसुद्धा शिल्लक ठेवलं नाही, तो काय ताकदीचा असेल!

७ फेब्रुवारी, सकाळी
ऐकली. सुन्न झालो.
एक बाई. इंग्रजीत, कोरड्या ठणठणीत आवाजात, एकेक शब्द. एअरप्लेन. काऊबॉय. टूथब्रश. मध्ये लांबलचक जागा. बाजारू संस्कृतीची एवढी कडक टर आजवर कोणी उडवली नसेल. मग एक जाड भोंगा. थांबतो. पुन्हा भोंगा, जरा बारीक. आणि मग काहीच नाही. मिनिटामागून मिनिटं निव्वळ शांतता. मी उठून उभा राहिलो.
हे नो वेव्ह. पंकसुद्धा ज्यांना गुळगुळीत वाटायला लागलं त्यांचं काम. सूर नको, ताल नको, गाणंच नको. पण शांतता रेकॉर्ड करायची छाती माझ्या माहितीत कोणाची झाली नव्हती.

७ फेब्रुवारी, दुपारी
खालच्या मजल्यावरच्या मॅडम वर आल्या. आवाज कमी करा म्हणाल्या. नेहमीचंच. पण भोंग्याबद्दल एवढं नाही म्हणे, नंतरच्या शिट्टीने त्यांचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसलाय. मी त्यांना समजावलं की त्या भागात शिट्टी नाही, शांतता आहे. काही लोकांना शांतताही बोचते. पंकचं यश ते हेच.

११ फेब्रुवारी
सासूबाई राहायला आल्या. कानाला नवीन मशीन. हॉलमधल्या दिवाणावर त्यांना झोप लागत नाही, तेव्हा छोटी खोली रिकामी करून रेकॉर्ड दाढीवाल्याला परत द्या, असं बायकोचं म्हणणं. मी सांगितलं की एकवीस तारखेला दाढीवाल्याच्या दुकानात श्रोत्यांची बैठक आहे आणि तिथे मी ही रेकॉर्ड जगासमोर आणणार आहे. संग्राहकाची खोली काढून घेणं म्हणजे माणसाचं तोंड दाबणं. बायको म्हणाली की तोंड कोणी दाबत नाहीये, आईला झोपायला जागा हवी आहे.
शेवटी तह झाला. एक तरी शहाणं माणूस ती रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकून त्यात काही आहे असं म्हणालं, तर खोली माझी. नाहीतर सासूबाईंची. शहाणं कोण ते बायको ठरवणार. हे कलम अन्यायकारक आहे, पण सही केल्यासारखंच झालं.

१३ फेब्रुवारी
इतिहास घडला!
रेकॉर्ड लावली होती. सासूबाई येऊन खुर्चीवर बसल्या. डोळे मिटले. पहिला भोंगा वाजला आणि त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. भोंगा थांबला, बोट खाली. मी बघत राहिलो. मग शांतता सुरू झाली, आणि त्या शांततेतसुद्धा त्यांचं बोट मधूनच वर जात होतं! कुठलाही आवाज नसताना त्यांना लय सापडली होती. मला एवढ्या दिवसांत सापडली नव्हती.
नंतर त्यांनी विचारलं, जावईबापू, बरोबर जमलं ना? मी वाकून नमस्कार केला. बायकोने आपल्या आईला कधीच वेडं म्हटलेलं नाही. खोली वाचली.

१६ फेब्रुवारी
ऑफिसात मीटिंग. साहेब हल्ली फार पुटपुटतात. मी जाणकारासारखी मान हलवत राहिलो. बाहेर आल्यावर कळलं की गोदामातला सगळा माल मोजायचं काम मी आनंदाने स्वीकारलंय.
मुलगीही पुटपुटते. टीव्हीवरच्या बातम्या देणारी बाईही. लोकांना स्पष्ट बोलायचं वळणच राहिलेलं नाही.

१८ फेब्रुवारी
भाषण तयार. बँडमध्ये दोघी बहिणी होत्या. बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरात राहायच्या. धाकटी भोंगा वाजवायची. थोरली फक्त शब्द म्हणायची, आणि एकदा कायमची गप्प झाली. हे मी कुठेतरी वाचलंय. कुठे ते आठवत नाही, पण इतकं बारीकसारीक सुचतंय म्हणजे वाचलेलंच असणार.
कॉलेजातलं लेदर जॅकेट काढलं. चेन लागत नाही. उघडंच घालायचं. तेच जास्त पंक.

२१ फेब्रुवारी
बैठक झाली. आज लिहिणार नाही.

२२ फेब्रुवारी
लिहितो.
दुकानाच्या मागच्या खोलीत सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत बायको, मुलगी, सासूबाई. भाषण उत्तम झालं. थोरली बहीण गप्प झाली तिथे एका पोनीटेलवाल्याने डोळे पुसले. मग सुई ठेवली. एअरप्लेन, काऊबॉय. सासूबाईंचं बोट वर. मी सगळ्यांना खुणेने दाखवलं, हे बघा, ह्यांना कळलंय. शांतता सुरू झाली. पोनीटेलवाल्यानेही बोट वर केलं. मग त्याच्या शेजारच्याने. मग अख्ख्या खोलीने. सगळे हसत होते, सगळी बोटं एकदम वर, एकदम खाली. मला वाटलं, चळवळ सुरू झाली. मीही बोट वर केलं. पण दर वेळी माझं बोट उशिरा, इतरांचं बघून.
दाढीवाल्याने सुई उचलली आणि काहीतरी बोलला. मला कळलं नाही. मुलीला माझ्या कानाशी येऊन सांगावं लागलं, बाबा, ही कान तपासायची रेकॉर्ड आहे.
सासूबाई म्हणाल्या, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डॉक्टरांकडे असंच बोट वर करायला लावतात. जावयाने आपल्या कानांसाठी एवढी शोधून आणली, मग नीट सराव नको का करायला? लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.
तहाप्रमाणे मीच जिंकलो होतो. शहाणं माणूस, शेवटपर्यंत, आणि त्यात काही आहे असं म्हणालं. गाडीत मी हा मुद्दा मांडला. बायको भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, सगळे बोट वर करत होते तेव्हा तुम्हाला काय ऐकू येत होतं? मी म्हणालो, शांतता. मागच्या सीटवर कोणी हसलं नाही.
मला भीती वाटली. रेकॉर्डची नाही, खोलीची नाही. भीती.

२६ फेब्रुवारी
कानाचे डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन. ऐकू आलं की बोट वर करायचं. मी चलाखी केली. अंदाजाने दर थोड्या वेळाने बोट वर करत राहिलो. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले की मी चार वेळा मशीन बंद असताना बोट वर केलं.
दोन्ही कानांना मशीन लागणार. सासूबाई म्हणाल्या, घाबरू नका जावईबापू, सुरुवातीला टोचतं, मग सवय होते. त्यांनी माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला नाही.

८ मार्च
खोली सासूबाईंना दिली. मीच म्हणालो. रेकॉर्ड हॉलमधल्या कपाटात गेल्या, प्लेअर वर.

१० मार्च, संध्याकाळी
मशीन मिळाली. घरात पंखा केवढा आवाज करतो! बायको स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली आणि मी इथूनच उत्तर दिलं. ती दारात येऊन उभी राहिली.
मग सगळ्यांना बसवून गठ्ठ्यातली माझी सगळ्यात लाडकी रेकॉर्ड लावली, नेहमीच्या आवाजावर. कॉलेजपासूनची. तीन कॉर्ड, दोन मिनिटं. आज पहिल्यांदा नीट ऐकणार होतो.
पहिलं कडवं संपायच्या आत उठून बंद केली. असह्य गोंगाट. कान दुखले, डोकं भणभणलं. मी म्हणालो, हे कोणी माणूस ऐकू शकेल का?
बायको म्हणाली, आम्ही रोज ऐकतोय.