बासच्या बटणाजवळची खडूची खूण

अड्याळ, मंडईचा दिवस, बुधवार, १९८४

खडूची खूण अजून तशीच आहे. पुसू का?

नव्याची ऐपत नव्हती म्हणून बास गिटारसाठी नागपूरहून जुना ॲम्प्लिफायर आणला. आठ दिवस धानाच्या खोलीत एकेक बटण फिरवत बसलो. शेवटी असा आवाज जमला का छाती हालली! तिथंच खडूनं खूण केली. मंडईच्या जत्रेत डोळे मिटून बटण त्याच खुणेवर ठेवायचं, बस.

आज दुपारी मैदानात खुणेवर ठेवलं, तर आवाजच नाही. बटण पुरं पिरगाळलं, तर नुसती फरफर. आमच्या ऑर्केस्ट्राचे मास्तर म्हणाले, "राहू दे रे, कमी कर." केलं. खोलीले चार भिंती होत्या, इथं एकही नाही. हे मले आधी काहून नाही सुचलं? उद्या आसगावच्या मंडईलेही मैदानच.

खूण पुसली नाही. पुसून तरी बटण कुठं ठेवू?

आई पहिल्यांदाच ऐकायले आली होती, पुढंच बसली होती. आता जेवायले वाढताना म्हणाली, "सगळे वाजवून राहिले होते बाबू, तू काहून नुसताच उभा होता?"

दोन तास वाजवत होतो.

"उद्या वाजवीन," म्हटलं.